हिंगोलीचा समुद्र

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. पैनगंगेवर इसापूरचं धरण आहे, पूर्णेवर सिद्धेश्वर आहे, आणि कयाधू नावाची एक नदी आहे, जिच्या पात्रातून उन्हाळ्यात बैलगाड्या जातात. एवढंच आमचं पाणी. तरीही दरवर्षी फेब्रुवारीत आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत समुद्र येतो. लाटा, शिंपले, गाज, क्षितिजावर बुडणारा सूर्य, सगळा लवाजमा घेऊन येतो आणि सातवीच्या वर्गात दुसऱ्या रांगेपर्यंत पाणी चढतं.

याला कारण २७ फेब्रुवारी. कुसुमाग्रजांची जयंती म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, आणि गौरव करायचा तर शाळेचं हस्तलिखित निघालंच पाहिजे. पंधरवडाभर आधी सूचनावही वर्गावर्गांतून फिरते: प्रत्येक विद्यार्थ्याने एक स्वरचित कविता आणावी. ‘स्वरचित’ या शब्दाखाली दोन रेघा असतात. मागे एकदा तीन जणांनी एकच कविता स्वतः रचून आणली होती, तेव्हापासून या रेघा आहेत.

कविता लिहा म्हटलं की वर्गातून प्रश्न येतात. “सर, किती ओळींची?” हा पहिला. “सर, खाली नाव टाकायचं का?” हा दुसरा. “सर, खिचडीच्या आधी का नंतर?” हा तिसरा, आणि माझ्या मते तिन्हींत सगळ्यात वाङ्मयीन. कारण खिचडीच्या आधी लिहिलेल्या कवितांमध्ये आई फार येते आणि नंतरच्या कवितांमध्ये निसर्ग. कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या की कुणाचीच कल्पनाशक्ती डाळ-तांदळाच्या पलीकडे जात नाही. म्हणून मी कवितेचा तास मधल्या सुट्टीनंतर घेतो. तेव्हा निम्मा वर्ग पेंगत असतो, पण पेंगणं कवितेला मारक नाही.

पहिल्या खर्ड्यात हिंगोली नसते. आमच्याकडचा फेब्रुवारी म्हणजे सोयाबीन कधीच निघून गेलेलं, तुरीच्या तुराट्या धुऱ्यावर रचलेल्या, हरभरा काढणीला आलेला आणि हळदीची पानं वाळून जमिनीवर लोळलेली. वहीत मात्र हिरवेगार डोंगर, झुळझुळणारे झरे, मोगरा, इंद्रधनुष्य आणि समुद्र. चूक पोरांची नाही. पहिलीपासून त्यांनी ज्या कविता पाठ केल्या, त्यांत हेच होतं. कविता म्हणजे आपल्याकडे नसलेल्या गोष्टींची यादी, असा त्यांचा प्रामाणिक समज झालेला असतो. आपल्याकडे असलेल्या गोष्टींवर कविता कशाला लिहायची? त्या तर आहेतच.

सातवीतल्या एका मुलीनं अशीच सुरुवात केली होती:

निळा निळा सागर, पांढरी पांढरी वाळू,
चला मुलांनो खेळू, लाटांशी आपण बोलू.

मी विचारलं, “तू वाळू कुठं पाहिलीस?”

“ट्रॉलीत, सर.”

“पांढरी होती?”

“नाही सर. काळी. रात्रीची होती.”

मी विषय बदलला. वाळूच्या ट्रॉल्यांबद्दल वर्गात जास्त खोलात जाऊ नये, एवढं शहाणपण नोकरीनं दिलेलं आहे.

कविता लिहून घेणं सोपं आहे. ती पुन्हा लिहायला लावणं अवघड. शाळेत दोन वह्या असतात, फेअर आणि रफ. फेअर वहीला खाकी कव्हर, वर नाव, इयत्ता, तुकडी, आणि कडेला आखलेला समास. रफ वहीला मुळात मुखपृष्ठच उरलेलं नसतं. मार्क फेअर वहीला, शाबासकी फेअर वहीला, भेटीला आलेल्या साहेबांसमोर मांडायची तीही फेअर वही. सात वर्षं आपण पोरांना एकच शिकवतो: खाडाखोड करू नये. आणि एक दिवस अचानक मराठीचे सर येऊन म्हणतात, खोडा! पोरं संशयानं बघतात. यात काहीतरी डाव असणार.

“सर, खोडलं तर मार्क कटतेत का?”

“नाही. उलट खोडलेलं मला दिसलं पाहिजे.”

“परीक्षेत बी?”

इथं मला गप्प बसावं लागतं.

खोडण्याच्याही तऱ्हा असतात. काहीजण चुकलेल्या शब्दावर थुंकीचं बोट फिरवून कागदाला भोक पाडतात आणि त्या भोकातून मागच्या पानावरचं गणित कवितेत उतरतं. काहीजण शब्दावर इतक्या गोल गोल रेघा मारतात की त्याचं तोंडच कुणाला दिसू नये. एक मुलगा खोडलेल्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवायचा, मग पट्टीवर पट्टी. त्याची कविता पानावर इतकी जाड झाली की वही मिटेना. मी त्यांना सांगितलं की जुन्या काळी पोथ्या लिहिणारे लेखनिकही चुकायचे. चुकलेल्या अक्षरावर ते हरताळाचा पिवळा लेप द्यायचे आणि तो वाळला की वर नवं अक्षर काढायचे. “म्हणजे पिवळं व्हाइटनर,” मागच्या बाकावरून निकाल आला. वर्गाला हे फार आवडलं. पिवळा रंग तसा त्यांच्या घरचाच.

आमचा जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हिंगोलीच्या हळद बाजाराला नाव आहे संत नामदेवांचं. जगात इतर कुठं मसाल्याच्या बाजाराला कवीचं नाव दिलं असेल असं मला वाटत नाही. माघापासून हळद काढायला सुरुवात होते, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश, असं चैत्रापर्यंत चालतं. या दिवसांत वर्ग अर्धा असतो. हजेरीपटावर गैरहजर आणि वावरात हजर.

तर ती वाळूवाली मुलगी. समुद्र नको म्हटल्यावर तिनं दुसऱ्या दिवशी हळदीवर वीस ओळी आणल्या. पहिली ओळ: हळद हे आमच्या भागातील महत्त्वाचे पीक आहे. दुसरी: हळदीचे अनेक उपयोग आहेत. पुढच्या अठरा ओळींत ते उपयोग होते. निबंधाचे तुकडे करून एकाखाली एक ठेवले की मुक्तछंद होतो, हा शोध मोठ्यांनीही लावलेला आहे, त्यामुळे तिला बोलायला मला तोंड नव्हतं. मी फक्त म्हणालो, “हे मला पुस्तकात मिळतं. पुस्तकात नसलेलं काहीतरी सांग.”

ती बराच वेळ उभी राहिली. मग तक्रार करावी तशा आवाजात म्हणाली, “सर, पॉलिशच्या दिवशी आमच्या घरी समदेच पिवळे असतेत. लगीन तर कुणाचंच नसतंय.”

वर्ग हसला. ती लाजून खाली बसली. ज्यांनी हळदीचं पॉलिश पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: शिजवून वाळवलेली हळद लोखंडी ढोलात घालून फिरवतात. गड्ड्यावर गड्डा घासून वरची साल निघते आणि पिवळी भुकटी उडते. ती माणसांच्या भुवयांवर बसते, चहाच्या कपात बसते, वाळत घातलेल्या धोतरावर बसते. त्या दिवशी त्या घरातलं प्रत्येक माणूस बोहल्यावर चढायला तयार असल्यासारखं दिसतं.

“हेच लिही,” मी म्हणालो.

“हे? हे तर मी नुसतं बोलले.”

तिसरा खर्डा असा आला:

घरात लगीन नाही कुणाचं,
तरी माय पिवळी, बाप पिवळा.
ढोलापाशी निजलेलं
कुत्रंबी पिवळं.

मी त्या ओळी फळ्यावर लिहिल्या आणि वर्गाला म्हणालो, आता सुधारा. यानंतरचा अर्धा तास हा मी पाहिलेल्या कोणत्याही साहित्यिक परिसंवादापेक्षा गंभीर होता. पहिला आक्षेप यमकाचा. पिवळा आणि पिवळं हे यमक नाही, एकच शब्द आहे, असं एका मुलानं दाखवून दिलं, आणि त्याचं बरोबर होतं. त्यावर दुसऱ्यानं दुरुस्ती सुचवली: ‘माय पिवळी, बाप पिवळा, पंढरीचा देव सावळा.’ टाळ्या पडल्या. मी विचारलं, देव इथं काय करतोय? तर म्हणे यमकासाठी आला. यमकासाठी विठ्ठलाला बोलावणारा हा काही पहिला कवी नव्हे, पण मतदान झालं आणि देव परत गेला.

खरं भांडण कुत्र्यावरून झालं. कवितेत कुत्रं चालतं का? बहुमत नाही म्हणत होतं. कुत्र्याच्या जागी मोर घालावा, अशी सूचना आली. तिला अनुमोदनही मिळालं. मोर कवितेत पूर्वीपासून आहे, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. तेव्हा ती मुलगी पहिल्यांदा स्वतःहून उठली. “मोर आमच्या आखाड्यावर न्हाई. कुत्रं हाय. अन् ते खरंच पिवळं झालं व्हतं. धुतलं तरी आठ दिस निघालं न्हाई.” धुतल्याचा पुरावा आल्यावर वर्ग शांत झाला. कुत्रं राहिलं.

मग एका हिशेबी मुलीला वाईट वाटलं. “सर, तिनं वीस ओळी लिहिल्या व्हत्या. चारच ठेवल्या. सोळा वाया गेल्या.”

यावर खिडकीशी बसणारा एक मुलगा, जो एरवी तासाला फक्त शरीरानं उपस्थित असतो, तो बाहेर बघत बोलला, “वाया कामून? पाच क्विंटल वली हळद वाळून एक क्विंटल होती. अन् भाव वाळल्या हळदीला असतोय.”

बालकवींची ‘औदुंबर’ आठच ओळींची आहे आणि समीक्षक तिच्यावर पिढ्यानपिढ्या पानं लिहीत आले आहेत, हे मी सांगणार होतो. ते मी सांगितलं नाही. त्या मुलानं सांगितल्यावर गरज उरली नव्हती.

कविता तयार झाली असं मला वाटलं, पण हस्तलिखिताची जबाबदारी माझ्या एका सहकाऱ्यांकडे होती. माणूस सरळ, मुलांवर जीव असलेला. दुसऱ्या दिवशी कविता परत आली तेव्हा खाली लाल शाईत दोन ओळी वाढलेल्या होत्या: ‘अशा कष्टाळू शेतकऱ्यांना, चला करूया वंदन!’ “बोध नव्हता हो,” ते म्हणाले. “बोधाशिवाय कविता पोरकी वाटते.” कुत्र्याबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. त्या वंदनात ते आपसूक आलं असावं.

अशा वेळी मला पैठणचे एकनाथ महाराज आठवतात. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये तीनशे वर्षांत नाना अपपाठ शिरले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. एवढा मोठा कवी, ओव्या ज्याच्या बोटांवर नाचत, त्यानं त्या नऊ हजारांवर ओव्यांत स्वतःची एक ओवी घुसवली नाही. उलट पुढे कुणी घुसवू नये म्हणून शेवटी चांगली खणखणीत तंबी देऊन ठेवली. ती तंबी मराठीच्या प्रत्येक शिक्षकाच्या टेबलावर काचेखाली लावावी, असं माझं फार दिवसांचं मत आहे. दुसऱ्याचं लिखाण सुधारायचं म्हणजे त्यातून काढायचं. आपलं घालायचं नाही. वंदन मी पेन्सिलीनं हळूच खोडलं. सहकाऱ्यांना वाटलं लाल शाई संपली असेल.

त्याच सुमारास एका मुलानं भावाच्या मोबाईलला सांगून कविता करून आणली. मोबाईलनं चार सेकंदांत सोळा ओळी दिल्या. मात्रा ठीक, यमकं ठीक, शुद्धलेखन तर आमच्या साऱ्या शाळेत मिळून नसेल असं. विषय होता ‘माझे गाव’. त्या गावात कौलारू घरं होती, नारळाची झाडं होती, आणि दुसऱ्या कडव्यात समुद्र होता. म्हणजे पहिला खर्डा मोबाईलही तसाच करतो. मी त्या मुलाला म्हणालो, “आता मोबाईलला विचार, तुझ्या घरी पॉलिशच्या दिवशी काय पिवळं होतं?” तो म्हणाला, “त्याला कसं माहीत असंल, सर? तो कधी आलाय का?” मी म्हणालो, “मग तू लिही. तू तिथंच असतोस.” त्याला हा व्यवहार अन्यायाचा वाटला.

काही मुलांना मोकळी कविता झेपत नाही. त्यांना नियम पाहिजे. त्यांच्यासाठी माझ्याकडे अभंग आहे. मोठ्या अभंगाचं माप सोपं: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. लघू-गुरूची कटकट नाही. बोटं मोजता आली की झालं. जोडाक्षर कितीही अवघड असलं तरी एकच धरायचं. ‘ट्रॅक्टर’ तीन अक्षरांत बसतो म्हटल्यावर मुलं खूश झाली. एवढं मोठं यंत्र आणि तीनच बोटं.

मग त्यांना मोजण्याचं वेड लागलं. एसटीच्या पाट्या मोजू लागली. हिंगोली तीन. सेनगाव चार, वसमतही चार. कळमनुरी पाच. आखाडा बाळापूर सात, म्हणजे एकानं जास्त. नरसी नामदेव पण सात. “सर, नामदेवांच्याच गावाचं नाव अभंगात बसत न्हाई!” हा शोध लागला तेव्हा वर्गात खळबळ उडाली. मी सांगितलं, त्यांच्या काळी बहुधा नुसतं नरसी असावं. त्यांच्यामुळेच नाव वाढलं. आणि मग एका मुलाला सापडलं की औंढा नागनाथ बरोबर सहा आहे. जवळा बाजारही सहा. त्यानं दुपारभर बसून जुळवलं:

औंढा नागनाथ, जवळा बाजार,
कयाधूच्या पार, सेनगाव.

मोजून पाहा. सहा, सहा, सहा, चार. बाजार आणि पार. बोध नाही, भावना नाही, उपमा नाही, नुसती एसटीची फेरी आहे, पण अभंग चोख आहे. मी फळ्यावर लिहिला आणि गणिताच्या सरांना बोलावून दाखवला. ते म्हणाले, “पार म्हणजे कोणत्या बाजूनं?” लगेच वर्गाचे दोन तट पडले. नदीच्या पार म्हणजे जो बोलतो त्याच्या पलीकडे. मग बोलणारा उभा कुठे आहे? कवी म्हणाला, मी औंढ्याहून निघालोय, बसमध्ये बसून बोलतोय. मग बस पुलावर आल्यावर पार कुठे जातो? कवितेत बोलणारा माणूस नेमका कुठं उभा असतो, हा प्रश्न एम.ए.च्या वर्गात मला तास तास भरून शिकवला होता आणि कळला नव्हता. इथं तो एसटीच्या सीटवर सुटला.

मुलांना नामदेवांबद्दल अभिमान आहे, पण तो गावातल्या मोठ्या माणसाबद्दल असतो तसा, म्हणजे थोडा घरगुती. नरसी आमच्यापासून जवळ. १२७० साली ते तिथे जन्मले अशी परंपरा आहे. कीर्तनाला बसले तेव्हा औंढ्याचं देऊळ त्यांच्याकडे फिरलं, ही आख्यायिका प्रत्येक पोराला पाठ आहे. त्यांची एकसष्ट पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत, हेही सामान्यज्ञानाच्या परीक्षेसाठी पाठ आहे. मला मात्र त्यांची तिसरीच गोष्ट वर्गात सांगावीशी वाटते. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं हे तपासलं, आणि साक्षात विठ्ठलाशी बोलणाऱ्या नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. भर सभेत. नामदेव रुसले, पंढरीला देवाकडे गाऱ्हाणं घेऊन गेले. देवानंही बाजू घेतली नाही. मग ते विसोबा खेचरांकडे गेले, आणि परंपरा सांगते की ती भेट औंढ्याला, नागनाथाच्या देवळात झाली. म्हणजे कच्च्या कवीला पक्कं करायची सोय सातशे वर्षांपूर्वीपासून आमच्या जिल्ह्यात आहे! ही गोष्ट ऐकल्यापासून वर्गात दुरुस्तीसाठी कविता परत दिली की पोरं तोंड पाडत नाहीत. एकमेकांना म्हणतात, “थापटी बसली.”

नामदेवांनी शंभर कोटी अभंगांचा पण केला होता, हे सांगितल्यावर गणिताच्या सरांच्या तालमीतली मुलं कामाला लागली. मिनिटाला एक अभंग, रात्रंदिवस, खिचडीची सुट्टीसुद्धा न घेता, तर किती वर्षं? उत्तर आलं सुमारे एकोणीसशे. मग एकीला आठवलं की त्यांच्या घरात सगळेच अभंग रचायचे: आई गोणाई, बायको राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे चारी मुलगे, आणि गंगाखेडहून आलेली जनाबाई. हिशेबाच्या सोयीसाठी पंधरा माणसं धरली, तरी सव्वाशे वर्षांच्या वर. तेही एकदाही न खोडता. अर्थात काम राहिलं. राहिलेलं काम नामदेवांनी पुढे तीनशे वर्षांनी तुकोबांच्या स्वप्नात पांडुरंगाला बरोबर घेऊन जाऊन सोपवलं. “म्हणजे होमवर्क,” वर्गाचं एकमत झालं. मला वाटतं मराठीतली सगळी कविता हा त्याच होमवर्कचा भाग असावा, आणि आकडा अजून पुरा व्हायचा आहे, म्हणून देव कुत्र्याची कविताही चालवून घेतो.

कागद नव्हता तेव्हा लोक कसे खोडत, असं एकानं विचारलं. मी म्हटलं घरी आजीला विचार. दुसऱ्या दिवशी तो सांगत आला की आजीनं जात्यावरची एक ओवी त्याला सकाळी एका तऱ्हेनं सांगितली आणि संध्याकाळी तीच वेगळी. सकाळच्या ओवीत भाऊ होता, संध्याकाळी त्या जागी लेक. “कोणती खरी, विचारलं तर आजी म्हनली, सकाळी मामा आला व्हता.” हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत एकाच ओवीची किती रूपं असतील, आणि प्रत्येक रूपामागं कोण कोण दारात आलं असेल, याचा हिशेब कुणी केलेला नाही.

आता थोडं भाषेबद्दल. आमच्याकडे पाऊस ‘पडायलाय’. पुस्तकात तो ‘पडत आहे’. अक्षरं दोन्हीकडे पाचच. पण एका मुलाच्या वहीत मी ‘पडत आहे’ वाचलं आणि मला पावसाची बातमी वाचल्यासारखं वाटलं. त्यानं खालचा मूळ शब्द खोडलेला होता. मी म्हणालो, तोच परत घे. तो घाबरला. अशुद्ध धरतील म्हणाला. मग मी कपाटातून इंद्रजीत भालेरावांचा ‘पीकपाणी’ काढून त्याच्या हातात दिला. १९८९ साली निघालेला संग्रह. कवीचं गाव रिधोरा, वसमत तालुका. मुलानं आत बघण्याआधी गावाचं नाव परत परत वाचलं. मग मी फ. मुं. शिंद्यांचं सांगितलं. त्यांचं गाव रूपूर, कळमनुरी तालुक्यातलं. २०१४ साली सासवडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष. वर्गाला संमेलनाचं फारसं काही वाटलं नाही. “सर, रूपूरला माझी मावशी दिलीय,” एक मुलगी म्हणाली. जिथं मावशी दिली तिथंही कवी असू शकतो, ही बातमी मोठी होती. त्या दिवसानंतर त्या वर्गात समुद्राची पातळी एकदम घसरली.

अगदी आटला नाही तो. दोघांनी हट्टानं ठेवला, आणि त्यातल्या एकाचं कारण मला पटलं. त्याचे आई-बाप दरसाल ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर गेलेले पाडव्याला येतात. त्यानं लिहिलं होतं की समुद्र फार लांब आहे आणि लांब असलेल्या सगळ्यांची तो वाट बघतो. मी त्याला एकही शब्द खोडायला लावला नाही. नियम सगळ्यांना सारखा लावावा असं शाळेत म्हणतात, पण कवितेच्या तासाला मी तो पाळत नाही.

सगळ्याच कविता सुधारतात असंही नाही. चांगल्या भल्या पहिल्या खर्ड्याला सुधारत सुधारत मारून टाकलेलंही मी पाहिलंय. एका मुलानं लिहिलं होतं, ‘शेळीला थंडी वाजते तेव्हा ती माझ्याकडं बघती.’ वर्गानं त्यात थंडीला ‘गुलाबी’ केलं, शेळीला ‘कोकरू’ केलं, आणि शेवटी ते कोकरू बागडायला लागलं. बागडणाऱ्याला थंडी कशी वाजेल? कधी थांबायचं हे शिकवायची युक्ती मला अजून कुठल्या प्रशिक्षणात मिळालेली नाही. गडकऱ्यांनी बाळकराम होऊन ‘कवींचा कारखाना’ लिहिला, पण त्या कारखान्यात कुलूप कधी लावायचं हे तेही सांगून गेले नाहीत.

यंदाचं हस्तलिखित वेळेवर निघालं. मी एक हट्ट केला: प्रत्येक कवितेसमोर डावीकडच्या पानावर तिचा खोडलेला खर्डा तसाच चिकटवायचा. मुलांनी तो आनंदानं पुरा केला. पिवळ्या कुत्र्याच्या कवितेचे तर तिन्ही खर्डे लावले, वाळूसकट. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेवटच्या पानावर शेरा दिला, तो असा: ‘उपक्रम स्तुत्य. कविता चांगल्या. खाडाखोड टाळावी.’

एप्रिल संपला की गावात रद्दीवाला येतो. फेअर वह्या लोक कपाटात जपतात आणि रफ वह्या किलोवर घालतात. तुमच्याकडे आला तर त्याला चहा पाजा, दोन मिनिटं ओट्यावर बसवा, आणि तेवढ्यात पोराच्या रफ वहीची शेवटची चार पानं उलटून पाहा.